पोर्तलिगातच्या खिडक्या

एकतीस वर्षे मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवली. त्या काळात तपासलेल्या निसर्गचित्रांचा हिशेब मी कधी ठेवला नाही. मात्र त्यांतली निम्म्याहून अधिक चित्रे मुळात एकच होती. दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी निळी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचे झाड. आमच्या भागात नारळ झाडाला लागत नाही, तो किराणा दुकानात मिळतो. तरीही मुले पिढ्यान्‌पिढ्या तेच झाड काढत आली आणि, कबूल करायला हवे, मीही त्याला गुण देत आलो. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, गेल्या एप्रिलच्या अखेरीस, ज्याला जग स्वप्नांचा चित्रकार म्हणते त्या साल्वादोर दालीचे समुद्रकाठचे घर पाहण्याचा योग आला, तेव्हा हे नारळाचे झाड वाटभर माझ्या सोबतीला होते.

पहिला दिवस: गाव ते बार्सिलोना

लेक आणि जावई चार वर्षांपासून बार्सिलोनात नोकरीला आहेत. व्हिसा, तिकिटे, विमा हे सारे लेकीने तिकडूनच पाहिले, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. गावाहून यवतमाळमार्गे नागपूर, तेथून मुंबई आणि पुढे एका आखाती शहरात विमान बदलून बार्सिलोना, असा दीड दिवसाचा प्रवास झाला. निघालो त्या दिवशी नागपुरात पारा त्रेचाळीस अंशांवर होता, म्हणून सौ.नी स्वेटर घेण्यास साफ नकार दिला. "उन्हाळ्यात सूटर कायले? लोक हासतीन," असे त्यांचे म्हणणे. मी दोन स्वेटर बॅगेच्या तळाशी लपवून ठेवले. बाकीची जागा जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, सांडगे आणि लेकीच्या आवडीचे ज्वारीचे पीठ यांनी व्यापली होती. जाणाऱ्यांना एक सूचना: युरोपात प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवावे, कोरड्या चटण्यांना आम्हाला कोणी अडवले नाही.

दुसरा दिवस: बार्सिलोना

हा दिवस झोपेत आणि जेवणात गेला. संध्याकाळी लेकीने आम्हाला समुद्रावर नेले. तो शहराचा समुद्र होता. वाळू, खेळणारी मुले, बाकांवर बसलेले म्हातारे. रात्री तिने दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक समजावून सांगितले. दालीचे घर कादाकेस या गावापलीकडच्या पोर्तलिगात नावाच्या खाडीवर आहे. घर लहान, वाटा अरुंद, त्यामुळे एका वेळी आठ-दहा जणांचाच गट आत सोडतात आणि प्रत्येक गटाची वेळ मिनिटांत ठरलेली असते. आधी आरक्षण केले नसेल तर दारापर्यंत जाऊन परतावे लागते. लेकीने दीड महिना आधी दुपारी बाराच्या सुमाराची वेळ धरून ठेवली होती. हिवाळ्यात हे घर काही आठवडे बंद असते, तेव्हा तारीख ठरवण्याआधी संकेतस्थळ पाहावे.

तिसरा दिवस: कादाकेस आणि पोर्तलिगात

बार्सिलोनाच्या उत्तर बसस्थानकावरून सकाळची बस धरली. कादाकेसला थेट जाणाऱ्या बस दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून परतीचे तिकीटही तेव्हाच काढावे. रेल्वेने फिगेरेसपर्यंत जाऊन तेथून बस घेणे हा दुसरा मार्ग आहे. थेट बसला पावणेतीन तास लागतात आणि त्यांतले पहिले दोन तास सपाट, सुखाचे असतात. एम्पोर्दाच्या मैदानातील शेते पाहून सौ. खूश होत्या. खिडकीपलीकडचा प्रत्येक ट्रॅक्टर आणि प्रत्येक पीक त्यांनी मला दाखवले.

शेवटच्या टप्प्यात मात्र रस्ता डोंगर चढू लागतो आणि माथ्यावरून समुद्राकडे एकामागून एक वळणे घेत उतरतो. उतारांवर दगडांच्या कोरड्या रचलेल्या बांधांचे शेकडो पट्टे दिसतात. चुना नाही, माती नाही, नुसता चपटा दगड दगडावर बसवलेला. येथे पूर्वी द्राक्षमळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने ते नष्ट केले आणि बांध तेवढे उरले. बोंडअळीने घेतलेला हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओसाड बांध निराळे समजावून सांगावे लागत नाहीत. सौ.नी ते ऐकले, बांधांकडे पुन्हा एकदा पाहिले आणि मग डोळे मिटून घेतले, कारण वळणांनी त्यांचे पोट ढवळू लागले होते. बरोबर लिंबू आणि मीठ होते, त्यावर निभावले. ज्यांना घाटात त्रास होतो त्यांनी पुढची जागा घ्यावी.

कादाकेस हे पांढऱ्या घरांचे गाव आहे. सर्वांत उंच जागी सांता मारियाचे पांढरे चर्च आहे आणि त्याच्याभोवती घरे समुद्राकडे उतरत येतात. जुन्या गल्ल्यांमध्ये पातळ, चपटे दगड उभे रोवून फरसबंदी केलेली आहे. दिसायला ती सुंदर, पण गुळगुळीत तळव्याच्या चपलेने चालण्यास फार वाईट, बूट घालावेत. मध्ये डोंगर असल्यामुळे शतकानुशतके या गावाला जमिनीपेक्षा समुद्राचीच वाट जवळची होती, आणि त्या एकांतामुळेच बहुधा येथे चित्रकार येत राहिले. पिकासो १९१० च्या उन्हाळ्यात येथे राहिला. कवी लोर्का १९२५ मध्ये तरुण दालीचा पाहुणा म्हणून आला. दालीच्या वडिलांचे, म्हणजे फिगेरेसच्या नोटरींचे, उन्हाळ्याचे घर याच किनाऱ्यावर होते. आता किनाऱ्यावर दालीचा काठी टेकून उभा असलेला पुतळा आहे. त्याने समुद्राकडे पाठ केली आहे, याचे मला तेव्हा नवल वाटले. घर पाहून झाल्यावर तर तो पुतळा चुकीचाच वाटला.

बसमधून उतरताच वाऱ्याने टोपी उडवली. त्रामुंताना म्हणतात तो हाच, उत्तरेकडून पिरेनीज पर्वत ओलांडून येणारा कोरडा, गार वारा. आकाश निळेभोर, ऊन लख्ख, आणि दात वाजायला लावणारी थंडी! आपल्याकडे ऊन आणि थंडी एकाच वेळी एकाच अंगावर पडत नाहीत, त्यामुळे शरीराला काय करावे तेच कळेना. मी काही न बोलता पिशवीतून स्वेटर काढून पुढे केला. सौ.नीही काही न बोलता तो घातला. विवाहाला अडतीस वर्षे झाल्यावर असे विजय मोठ्याने साजरे करायचे नसतात.

कादाकेसहून पोर्तलिगात पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाट चढते, सेंट बाल्दिरीच्या जुन्या चॅपेलवरून आणि तिथल्या पांढऱ्या भिंतींच्या दफनभूमीवरून जाते आणि जैतुनाच्या झाडांतून खाली उतरते. वळण संपले की एकदम खाडी दिसते. तिच्या तोंडाशी आडवे बेट असल्यामुळे पाणी तलावासारखे बंदिस्त आणि स्थिर आहे. नावाचा अर्थही 'बांधलेले बंदर' असाच सांगतात. काठावर चार-सहा होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. एक वृद्ध गृहस्थ त्यांतल्या एकीला निळा रंग देत होते. लेकीने स्थानिक पद्धतीने "बोन दिया" म्हटले, तेव्हा त्यांनी ब्रश थांबवून आमच्या सौ.च्या नऊवारीकडे पाहिले, वाऱ्यात तिचा पदर आवरताना होणारी तारांबळ पाहिली आणि लेकीला काहीतरी सांगितले. "ते म्हणतात, आज काहीच वारा नाही," असा तिने अर्थ सांगितला.

घर पाहण्याआधी त्याची कथा सांगायला हवी. १९२९ मध्ये पॅरिसहून कादाकेसला दालीकडे आलेल्या मंडळींत गाला होती, मूळची कझानची, जन्मनाव येलेना द्याकोनोवा, कवी पॉल एल्युआरची पत्नी आणि दालीपेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती दालीपाशीच राहिली. हे नाते आणि दिवंगत आईविषयी त्याने एका चित्रावर लिहिलेले अपमानकारक वाक्य यांमुळे वडिलांनी त्याला घराबाहेर काढले. कादाकेसमध्ये त्याला आसरा मिळणे अवघड झाले. मग १९३० मध्ये त्याने लिदिया नावाच्या ओळखीच्या कोळीणबाईंच्या मुलांची या खाडीवरची, जाळी आणि सामान ठेवायची एक खोपटी विकत घेतली. खोली जेमतेम वीस-बावीस चौरस मीटरची होती. पुढल्या चाळीस वर्षांत शेजारच्या खोपट्या एकेक करून घेत, भिंती फोडत, जिने जोडत हे घर वाढत गेले. युद्धकाळातील अमेरिकेतला मुक्काम आणि हिवाळ्यातले परदेशदौरे सोडले तर १९८२ मध्ये गालाचा मृत्यू होईपर्यंत दालीने येथेच राहून काम केले, आणि त्यानंतर तो या घरात राहायला परतला नाही. १९९७ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे.

तिकीटखिडकीवर अर्धा तास आधी हजर व्हावे लागते आणि पिशव्या तेथेच ठेवाव्या लागतात. माझ्याकडून येथे एक घोटाळा झाला. वाचायचा चष्मा पिशवीत राहिला आणि पिशवी जमा झाली. परत मागायला गेलो असतो तर आमची वेळ निघून गेली असती. सुदैवाने या घरात वाचण्यासारखे फार थोडे आणि पाहण्यासारखे फार आहे, आणि लांबचे मला स्वच्छ दिसते. तरी तुम्ही चष्मा खिशात ठेवा.

दार उघडताच समोर मागच्या पायांवर उभे असलेले, पेंढा भरलेले अस्वल. गळ्यात माळांचे ओझे, हातात दिवा, शेजारी काठ्या आणि छत्र्या ठेवायची सोय. "बाप्पा!" सौ. दोन पावले मागे सरकल्या. "दरवेश्याचं अस्वल इथं कोठून आलं?" आमच्या लहानपणी दरवेशी गावात अस्वल घेऊन येत आणि आयाबाया त्याच्या केसाचा ताईत लेकरांच्या गळ्यात बांधत. गटातले इतर लोक अस्वलाचे फोटो घेत असताना सौ. त्याच्या पायांकडे पाहत होत्या. वेसण घातली होती का, ते त्यांना पाहायचे होते.

आतली रचना म्हणजे मुंग्यांचे वारूळ. दोन पायऱ्या चढा, वळा, तीन उतरा, पुन्हा वळा; एक खोली दुसरीपेक्षा हातभर उंच, कारण प्रत्येक खोपटी खडकावर वेगळ्या उंचीला बांधलेली होती आणि ती पातळी कोणी सपाट करत बसले नाही. भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या. छताला, कपाटांवर, कोपऱ्यांत पिवळ्या सुकलेल्या फुलांचे गुच्छ, 'सदा जिवंत' अशा अर्थाच्या नावाने ती तेथे ओळखली जातात. दिवाळीतले झेंडूचे तोरण काढायचे राहून जाते आणि मार्गशीर्षातही दारावर तसेच लोंबते, तशी ती दिसत होती. ग्रंथालयात पेंढा भरलेले हंस आहेत. कपाटांच्या दारांवर मासिकांची मुखपृष्ठे आणि छायाचित्रे चिकटवलेली एक अख्खी खोली आहे, त्यांत दाली जगातल्या नामांकित लोकांबरोबर उभा आहे. तो माणूस स्वतःची जाहिरात करण्यात कधी थकला नाही. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंने त्याच्या नावाची अक्षरे फिरवून 'आविदा दोलार्स', म्हणजे डॉलरचा हावरा, असे कुचेष्टेचे नाव तयार केले होते, ते या खोलीत उभे राहिल्यावर अगदीच अन्यायाचे वाटत नाही.

मात्र या गमतीजमतींकडे पाहणाऱ्याची नजर हळूहळू भिंतींवरून निसटते आणि खिडक्यांकडे जाते. एकही खिडकी दुसरीसारखी नाही. एक चौकोनी, एक आडवी, एक अगदी लहान आणि खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येकीतून दिसते मात्र तीच खाडी. कोठून बेट पूर्ण दिसते, कोठून अर्धे; कोठून होडी आणि पाणी, कोठून नुसते पाणी. आम्ही वर्गात पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून मुलांना त्यातून पाहायला लावतो, चित्राचा विषय निवडताना नजर बांधली जावी म्हणून. येथे आख्खे घरच त्या पुठ्ठ्यासारखे कापले आहे. शयनगृहात पडद्यांचे दोन पलंग आहेत. शेजारच्या दालनात एक आरसा अशा कोनात बसवला आहे की पहाटेचे ऊन त्यावरून थेट पलंगावर येते. जवळचे काप द क्रेउस हे भूशिर स्पेनच्या मुख्य भूमीचे सर्वांत पूर्वेकडचे टोक असल्यामुळे, देशात सर्वांत आधी सूर्य पाहणारा माणूस मीच, अशी बढाई दाली मारत असे. सौ.नी आरशाकडे आणि मग पलंगाकडे पाहून हिशेब केला. "म्हणजे उठायचा कंटाळा," त्या म्हणाल्या. "उठून खिडकीपाशी गेला असता तर आरसा कायले लागला असता?"

चित्रशाळेत मी गटाच्या मागे राहिलो. आमच्याबरोबरच्या कर्मचारी तरुणीच्या ते लक्षात आले, पण ती काही बोलली नाही. लेकीने तिला माझा व्यवसाय सांगितला असावा. खोली मोठी, उजेड भरपूर, खिडकीबाहेर पुन्हा तीच खाडी. दाली खुर्चीत बसून रंगवायचा, आणि उंच चित्राच्या वरच्या भागासाठी उठायला लागू नये म्हणून त्याने जमिनीला लांब फट पाडून कप्प्यांवर फिरणारी चौकट बसवून घेतली होती. चित्र विहिरीत पोहरा सोडावा तसे खाली सोडायचे, नको तेव्हा वर ओढायचे, चित्रकार जागचा हलत नाही. अपुरी राहिलेली दोन चित्रे अजून तेथे उभी आहेत. ब्रश, रंगांच्या बाटल्या, भिंगे सारे हाताच्या अंतरावर. सौ.नी हळूच हवा हुंगली. "जवसाचा वास येते." वास खरेच येत होता की त्यांना घरची आठवण झाली होती, हे मी सांगू शकत नाही, पण तैलरंग कालवायला जगभर जे तेल वापरतात ते जवसाचेच, आणि आमच्या वऱ्हाडात जुन्या घरांत तेच तेल फोडणीला होते. मी वर्गात हे कधी सांगितले नव्हते. विद्यार्थ्यांपैकी अर्ध्यांच्या घरी जवसाची चटणी होत असे, आणि मी मात्र तेलरंग हा परदेशी, महाग आणि आपल्या आवाक्याबाहेरचा प्रकार आहे असेच शिकवत राहिलो.

गालाची लंबवर्तुळाकार खोली १९६१ मधील. गोल घुमटाखाली मध्यभागी उभे राहून बोलले की स्वतःचाच आवाज चोहीकडून परत येतो. बहुतेक पाहुणे तेथे नाव उच्चारून पाहतात किंवा टाळी वाजवतात. सौ.नी "विठ्ठल" म्हटले, फार मोठ्याने नव्हे. कर्मचारी तरुणीने अर्थ विचारला. लेकीने "देव" एवढेच सांगितले.

घरातून बाहेर पडल्यावर बाग स्वतंत्रपणे, हव्या तितक्या वेळ पाहता येते. जैतुनाच्या झाडांत मोडकी होडी, फांद्या, कौले आणि दगड यांतून उभारलेला एक प्रचंड आडवा ख्रिस्त आहे, तो पूर्ण दिसायला वर चढून जावे लागते. कबुतरखान्याच्या भिंतींतून गवत उचलायचे लाकडी काटे बाहेर आले आहेत आणि छपरांवर माणसाहून मोठी पांढरी अंडी बसवली आहेत. शेवटी पोहण्याचा लांबट तलाव, ओठांच्या आकाराचा सोफा, टायरच्या कंपनीची पाटी आणि दुसऱ्या एका टायर कंपनीचा तो फुगीर बाहुला. हा भाग उत्तरायुष्यात, पार्ट्यांच्या आणि पत्रकारांच्या काळात झालेला आहे. मला तो आवडला नाही. गावातल्या लग्नाच्या मंडपात एका बाजूला रोषणाईचे कारंजे लावलेले असते, तसे वाटले. लेकीला मात्र तोच भाग सर्वांत आवडला आणि आम्ही त्यावर बसथांब्यापर्यंत भांडलो.

मला ज्याचा विचार करायचा होता ते समोरचे खडक होते. काप द क्रेउसचा खडक थरांचा, मधूनमधून फिकट शिरा असलेला. वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने त्याला भोके पाडून, घासून असे आकार दिले आहेत की येथल्या कोळ्यांनी खडकांना उंट, सिंह, गरुड अशी नावे ठेवली. कुलिप या जवळच्या खाडीतल्या एका खडकावरून दालीने तो प्रसिद्ध मऊ चेहरा घेतला, लांब नाक जमिनीला टेकलेला, डोळे मिटलेला. १९२९ मध्ये तो त्याच्या चित्रात आला आणि १९३१ च्या घड्याळांच्या चित्रात मधोमध पुन्हा पडलेला आहे. 'स्मृतीचे सातत्य' हे ते चित्र आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असते, आणि ते केवळ २४ बाय ३३ सेंटिमीटरचे आहे, आमच्या एलिमेंटरीच्या मुलांना देतो त्या कागदाहूनही लहान. वितळणारी घड्याळे त्याला वितळत्या कामाँबेर चीजवरून सुचली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पण मागे जो किनारा, जे शांत पाणी आणि जे उन्हातले खडक आहेत ते कोठूनही सुचलेले नाहीत. ते येथे आहेत, जसेच्या तसे. एकतीस वर्षे मी ते चित्र पुस्तकात पाहिले, मुलांना दाखवले, आणि त्यातला देखावा मनाने रचलेला आहे असे सांगितले. तो माणूस खिडकीतून दिसणारे दगड प्रामाणिकपणे उतरवत होता.

दुपारी दोन वाजता कादाकेसमध्ये परत येऊन जेवलो. तेथे दुपारचे जेवण आपल्यापेक्षा उशिरा होते, हे मधुमेही मंडळींनी लक्षात ठेवावे आणि खिशात काहीतरी असू द्यावे. शाकाहारी माणसाची समुद्रकाठी पंचाईत होईल असे वाटले होते, तसे झाले नाही. भाजलेल्या पावावर टोमॅटो घासून वर जैतुनाचे तेल, हा पदार्थ सगळीकडे मिळतो. मग 'एस्कालिवादा' आले. सौ.नी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हे तं भरीत हाये." खरोखर भरीतच होते: विस्तवावर भाजलेली वांगी, लाल ढोबळी मिरची, कांदा, साल काढून उभे फाडलेले, वर तेल आणि मीठ. "ठेचलेली हिरवी मिरची नाही, लसूण नाही. बिमार माणसाचं भरीत." त्यांनी पर्समधून जवसाच्या चटणीची डबी काढली. टेबलाशी आलेल्या मालकीणबाईंनी डबीकडे बोट दाखवून विचारले. लेकीने जवसाचा स्पॅनिश शब्द फोनवर शोधून सांगितला. बाईंनी चटणी बोटावर घेऊन चाखली, विचार केला आणि तेलाची बाटली आणून चटणीवर धार सोडली. मग पावाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला. आपण चटणीवर तेल घेतो हे त्यांना कोणी सांगितले होते, कोण जाणे. निघताना त्यांनी 'ताप्स' नावाचे बुचाच्या आकाराचे, साखर भुरभुरलेले छोटे केक कागदात बांधून दिले आणि सौ.नी उरलेल्या चटणीची डबी त्यांना दिली. दोघींचा एकही शब्द दोघींना कळला नव्हता.

संध्याकाळच्या बसला अजून वेळ होता. मी किनाऱ्यावर बसून वही काढली. वाऱ्याने पाने उडत होती, बोटे गारठली होती, आणि दोन रेखाटनांपैकी एक तर पूर्ण फसले. दुसऱ्यात चर्च आणि खालची घरे बरी आली. वळणांच्या रस्त्यावरून परत जाताना सौ. पुढच्या जागेवर बसल्या आणि त्यांना काही त्रास झाला नाही.

चौथा दिवस: फिगेरेस

दालीचे घर आणि फिगेरेसचे त्याचे नाट्य-संग्रहालय एकाच दिवसात उरकणारे पुष्कळ आहेत. मी म्हणेन, करू नये. आम्ही दुसऱ्या दिवशी वेगवान रेल्वेने गेलो, तासाभरात पोहोचलो. स्पेनच्या यादवी युद्धात जळलेल्या गावच्या नाट्यगृहात हे संग्रहालय १९७४ मध्ये उघडले. गर्दी फार, खोल्या गजबजलेल्या, आणि सगळीकडे चमत्कार. १९८९ मध्ये मरण पावलेला दाली तेथेच रंगमंचाखाली पुरलेला आहे. गाला मात्र पुबोल येथील आपल्या किल्ल्यात. आदल्या दिवशी खाडी पाहिली नसती तर हे सारे मला नुसते विचित्र वाटले असते. आता अनेक चित्रांत मागे कोपऱ्यात ते बेट, तो खडक, ते बंदिस्त पाणी ओळखू येत होते, आणि मी सौ.ना प्रत्येक वेळी दाखवत होतो. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "दिसलं मले. पुढं चला."

गावी परतल्यावर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गावी आलो. सुटीत मी देवळामागच्या सभागृहात मुलांना चित्रकला शिकवतो, पैसे घेत नाही, म्हणून कोण येते आणि कोण येत नाही याला नेम नसतो. पहिल्या दिवशी सात मुले आली. मी त्यांना पोर्तलिगातच्या खिडक्यांचे फोटो दाखवले आणि समोरच्या खिडकीतून जे दिसते तेवढेच काढायला सांगितले. एका मुलीने आधी गज काढले, मग त्यांच्यामागे पाण्याची टाकी, टाकीवर कावळा आणि सावलीत बसलेले कुत्रे. बाकीच्यांनीही टाकी काढली. कोपऱ्यातल्या मुलाने मात्र दोन डोंगर काढले आणि त्यांच्या खाचेत लाल सूर्य. मी त्याला थोडे कडक आवाजातच विचारले की या खिडकीतून डोंगर कोठे दिसतात.

"ह्या नाही सर," तो म्हणाला, "मांगच्या खिडकीतून दिसते."

मागची खिडकी वर्षानुवर्षे बंद असते; तिच्या एका फळीला भेग आहे. मी उठून भेगेला डोळा लावला. दूर, शिवारापलीकडे, दोन टेकड्या होत्या आणि सूर्य त्यांच्या मधोमध बुडायला आला होता.